गो-गोज स्वतः वाजवायच्या का, आणि तिसऱ्या अल्बमनंतर बँड का मोडला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की गो-गोज हा लॉस एंजेलिसचा पाच मुलींचा बँड खरंच स्वतः लिहायचा, वाजवायचा का, की प्रोड्यूसरने आणि कंपनीने उभा केलेला होता. पहिलाच अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेला तरी तिसऱ्या अल्बमनंतर सगळं का मोडलं, आणि आता ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करायची. मी ड्रम्स वाजवते, वीस-बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तरी नवीन बँड्सची गाणी बसवून देण्यात गेलीत. या बँडची दोन-तीन गाणी मी जवळजवळ प्रत्येक नवीन बँडला बसवायला देते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे, हो, त्याच लिहायच्या आणि त्याच वाजवायच्या. 'ब्यूटी अँड द बीट' हा त्यांचा १९८१ चा पहिला अल्बम मार्च १९८२ मधे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या अल्बम चार्टवर एक नंबरला पोचला आणि सहा आठवडे तिथेच राहिला. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या आणि स्वतः वाजवणाऱ्या फक्त बायकांच्या बँडला हे जमण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी बायकांचे बँड नव्हते असं अजिबात नाही, फॅनी नावाचा कॅलिफोर्नियाचाच बँड १९७० पासून अल्बम काढत होता आणि वाजवण्यात त्या कुणालाही हार गेल्या नसत्या, नंतर रनअवेज आल्या. पण मोठी विक्री कुणाचीच झाली नाही आणि रेकॉर्ड कंपन्यांनी त्याचा अर्थ असा लावला की बायकांचा बँड विकला जात नाही. गो-गोजचे क्लबातले शो तुडुंब भरत असताना कंपन्या त्यांना हेच कारण सांगून परत पाठवत होत्या, हे वाचलं की मला अजून राग येतो.

सुरुवात १९७८ ची, हॉलिवूडमधल्या पंक मंडळींतली. मास्क नावाचा तळघरातला एक क्लब होता, तिथे यांची रिहर्सल चालायची. बेलिंडा कार्लाइल गायला, जेन वीडलिन गिटारवर, मार्गो ओलाव्हारिया बेसवर आणि एलिसा बेलो ड्रम्सवर, आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुणालाच नीट वाजवता येत नव्हतं, पंकमधे ते चालायचं, तीन कॉर्ड आले की स्टेजवर चढायचं. मग शार्लट कॅफी आली. ती शास्त्रशुद्ध पियानो शिकलेली, कॉलेजात संगीताचाच अभ्यास केलेली, आधी दुसऱ्या एका पंक बँडमधे बेस वाजवलेली, आणि तिला लीड गिटार वाजवायला घेतलं. चालीची जाण आणि कॉर्ड्सचा विचार या बँडमधे आला तो तिच्यामुळे.

पण माझ्या मते बँड खऱ्या अर्थाने जन्मला १९७९ मधे, जीना शॉक आली तेव्हा. मी ड्रमर आहे म्हणून असं म्हणते असं वाटेल, पण कुणीही दोन्ही काळातली रेकॉर्डिंग्ज ऐकावीत. जीना बाल्टिमोरची, पिकअप ट्रकमधे ड्रमसेट टाकून देश ओलांडून कॅलिफोर्नियाला आलेली, आणि आल्या आल्या तिने पहिली अट घातली ती नियमित रिहर्सलची. अधूनमधून जमलं तर भेटू हा प्रकार बंद. तिचं वाजवणं ऐका, रोल्स आणि फिल्स, म्हणजे मधे मधे टाकायचे भरणीचे तुकडे, फार कमी, स्नेअर (कडक आवाजाचा मधला ड्रम) बरोब्बर जागेवर पडतो आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बेसला धरून चालते. 'वी गॉट द बीट' नुसत्या ड्रम्सवर सुरू होतं आणि शेवटाकडे गिटारी थांबतात, मागे ड्रम्स आणि गाणाऱ्यांचे आवाज एवढंच उरतं, आणि तरीही गाणं पोकळ वाटत नाही, याचं कारण ती आहे. नवीन ड्रमरला हे सोपं वाटतं, आणि पहिल्या रिहर्सलला हमखास काय होतं तर दुसऱ्या कडव्यापर्यंत लय पळालेली असते, कारण हात रिकामे वाटतात आणि मग तो काहीतरी भरायला जातो. काहीही न भरता तीन मिनिटं तोच ठेका तेवढ्याच जोरात धरून ठेवणं हे फार अवघड काम आहे हो, मला स्वतःला नीट जमायला वर्ष लागलं होतं.

१९८० मधे त्या इंग्लंडला गेल्या, मॅडनेस आणि द स्पेशल्स या तिकडच्या बँड्सच्या शोच्या आधी वाजवायला. त्यांची पहिली मॅनेजर जिंजर कॅन्झोनेरी हिने स्वतःचं किडुकमिडुक विकून त्या दौऱ्याचे पैसे उभे केले. तिकडचा प्रेक्षक म्हणजे बराचसा स्किनहेड पोरांचा, ती थुंकायची, घाणेरड्या शिव्या द्यायची, आणि या रोज रात्री पुन्हा जाऊन उभ्या राहायच्या. परत आल्या तेव्हा बँड कसलेला झाला होता, आणि सोबत स्टिफ रेकॉर्ड्स या इंग्लंडमधल्या कंपनीने काढलेली 'वी गॉट द बीट'ची सिंगल होती, जी अमेरिकेतल्या क्लबांत इम्पोर्ट म्हणून वाजू लागली. ते गाणं शार्लटने एकटीने लिहिलेलं.

त्याच दौऱ्यातून 'अवर लिप्स आर सील्ड' निघालं. स्पेशल्सचा गायक टेरी हॉल आणि जेन यांचं काही दिवस जुळलं होतं, इंग्लंडात त्याची आधीच एक मैत्रीण होती, आणि नंतर त्याने तिला टपालाने काही ओळी पाठवल्या. त्या ओळींवरून तिने गाणं पूर्ण केलं. लोक काय बोलतात ते बोलू दे, आपण गप्प राहू, एवढाच आशय. हे गाणं मी शिकवायला मुद्दाम वापरते कारण टेरी हॉलने १९८३ मधे आपल्या फन बॉय थ्री या बँडबरोबर तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ते मंद, काळोखं, जवळजवळ भीती वाटावी असं आहे. गाणं तेच, पण गो-गोजकडे ते दोन मैत्रिणींचं उन्हातलं गुपित वाटतं आणि तिकडे दार लावून कुजबुजल्यासारखं. अरेंजमेंट म्हणजे काय असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी ही दोन रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ लावते, वेगळं समजवावं लागत नाही. गो-गोजच्या रूपात ब्रिजला, म्हणजे मधल्या वेगळ्या चालीच्या भागाला, जेन स्वतः गाते, बेलिंडाच्या भरीव, थोड्या कंप असलेल्या आवाजानंतर तिचा बारीक, पोरसवदा आवाज येतो आणि गाणं एकदम जवळ येतं. हा आवाजातला फरक लक्षात ठेवा, पुढे भांडणात तो परत येणार आहे.

१९८० च्या शेवटी मार्गो आजारी पडली, कावीळ झाली, आणि बँडने तिला काढून टाकलं. तिला पंक सोडून पॉपकडे जाणं मान्य नव्हतं हेही त्यात होतं. मला हा प्रकार आवडत नाही, आजारपणात माणसाला काढणं चुकीचंच. तिच्या जागी टेक्ससची कॅथी व्हॅलेंटाइन आली, शार्लटला ती व्हिस्की अ गो गो या क्लबात एका शोला भेटली आणि तिथेच विचारणा झाली. गंमत म्हणजे कॅथी गिटारिस्ट, बेस तिने कधी वाजवलाच नव्हता, चार दिवसांत सगळी गाणी शिकून ती स्टेजवर उभी राहिली. गिटारिस्ट बेस वाजवतो तेव्हा तो पिकने, चालीत हलत वाजवतो, नुसता कॉर्डचा मूळ सूर धरून बसत नाही, आणि गो-गोजच्या गाण्यांत बेस जो गुणगुणल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच असं मला वाटतं.

आता प्रोड्यूसरचा मुद्दा. शेवटी १९८१ मधे माइल्स कोपलँडच्या आय.आर.एस. रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं आणि रिचर्ड गॉटेरर आणि रॉब फ्रीमन यांनी न्यूयॉर्कला अल्बम केला. गॉटेरर साठच्या दशकातला गाणी लिहिणारा माणूस, ब्लाँडी या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम त्यानेच केलेला. त्याने मुख्य काय केलं, तर या मुली स्टेजवर सगळं भन्नाट वेगात वाजवायच्या ते त्याने हळू करायला लावलं, म्हणजे शब्द कळतील आणि चाल ऐकू येईल. मिक्स ऐकून मुली हादरल्या, हा आमचा बँड नाही, हे फार गुळगुळीत झालंय म्हणाल्या. 'वी गॉट द बीट'चं स्टिफवालं रूप आणि अल्बममधलं रूप ऐकलंत तर तुम्हालाही फरक कळेल. म्हणजे प्रोड्यूसरने बँड बनवला का? नाही. चाली होत्याच, ठेका होताच, त्याने वेग उतरवून आधीपासून असलेलं दाखवलं. मी रिहर्सलमधे हेच दहा वेळा केलंय, टेम्पो थोडा खाली घेतला की वाजवणारे नाराज होतात, ऊर्जा गेली म्हणतात, आणि आठवड्याने रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्यांनाच बॅकिंग व्होकल्स पहिल्यांदा ऐकू येतात. अट एकच, मुळात चाल चांगली हवी, वाईट चाल हळू केली तर ती आणखी वाईट दिसते.

पुढचं यश भराभर सांगते कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. कोपलँडचा भाऊ स्टुअर्ट हा द पोलीस या बँडचा ड्रमर, त्यामुळे पोलीसच्या दौऱ्यात त्यांच्या शोच्या आधी या मुली वाजवत होत्या, आणि दौरा चालू असताना यांचा अल्बम पोलीसच्या अल्बमच्या वर गेला. 'अवर लिप्स' वीस नंबरपर्यंत, 'वी गॉट द बीट' दोन नंबरपर्यंत गेलं, वर एक नंबरला रॉक गायिका जोन जेटचं गाणं बसलं होतं. १९८२ ला रोलिंग स्टोनने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं ते अंतर्वस्त्रांत, वर द्वयर्थी मथळा टाकून. एक नंबरचा अल्बम दिलेल्या पाच वाजवणाऱ्या बायकांबद्दल एका संगीताच्या मासिकाला सुचलं ते हे.

दुसरा अल्बम 'व्हेकेशन' त्याच वर्षी, घाईघाईत आला, आणि ती घाई ऐकू येते. टायटल गाणं मात्र सुंदर आहे, कॅथीने ते आधीच्या बँडसाठी लिहिलं होतं, शार्लट आणि जेनने त्यावर काम केलं आणि ते आठ नंबरला गेलं. बाकी अल्बममधे भरतीचा माल आहे हे मान्य करायला हवं. पहिल्या अल्बमची गाणी तीन वर्षं क्लबांत वाजवून, घासून तयार झालेली असतात, दुसऱ्यासाठी कंपनी काही महिने देते, तेही दौऱ्यांच्या मधे. तिसरा 'टॉक शो', १९८४ चा, इंग्लंडमधे प्रोड्यूसर मार्टिन रशंटबरोबर केलेला, विक्रीत मागे पडला पण वाजवण्यात तोच सगळ्यात तयारीचा आहे असं माझं ठाम मत आहे. 'हेड ओव्हर हील्स' ऐका, शार्लटचा पियानो गाणं पुढे ओढत नेतो, मधे बेसला स्वतःची जागा मिळते, आणि जीना तिथेही एक आघात जास्तीचा मारत नाही.

मग मोडलं का? ड्रग्ज होती, हो. शार्लट कित्येक वर्षं हेरॉइनच्या व्यसनात होती, १९८५ मधे त्यातून बाहेर आली आणि नंतर त्याबद्दल स्वतः उघडपणे बोललीय. १९८४ मधे जीनाच्या हृदयात जन्मापासून छिद्र असल्याचं निघालं आणि ओपन हार्ट सर्जरी करावी लागली. थकवा होता. पण नुसत्या व्यसनांनी बँड मोडला असं जे सांगतात त्यांनी पैशाचा हिशोब पाहिलेला नसतो, आणि मला वाटतं खरं कारण तिथे आहे, म्हणून हे जरा नीट सांगते.

रेकॉर्डच्या विक्रीतून वाजवणाऱ्यांना मिळणारी रॉयल्टी वेगळी, आणि गाणं लिहिणाऱ्याला मिळणारे पैसे वेगळे. वाजवणाऱ्यांची रॉयल्टी आधी कंपनीचा रेकॉर्डिंगचा खर्च आणि दिलेला अ‍ॅडव्हान्स फिटेपर्यंत हातात पडत नाही. लिहिणाऱ्याचे पैसे पहिल्या प्रतीपासून चालू होतात. अमेरिकेत १९८१ मधे कायद्याने ठरलेला दर होता गाण्यामागे प्रत्येक प्रतीला ४ सेंट. 'ब्यूटी अँड द बीट'मधे ११ गाणी, म्हणजे एका अल्बममागे ४४ सेंट लिहिणाऱ्यांच्या बाजूला. अमेरिकेत या अल्बमला २० लाख प्रतींचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे पूर्ण दराने धरलं तर ८,८०,००० डॉलर. प्रत्यक्षात करारांत हा दर बरेचदा कमी केलेला असतो आणि पब्लिशरचाही, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचाही, वाटा निघतो, पण रक्कम कोणत्या पातळीची आहे ते कळावं म्हणून सांगितलं. आता त्यात रेडिओ घाला. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला एक छदामही नाही.

आणि त्या ११ गाण्यांवर नावं कुणाची आहेत? ९ गाण्यांत शार्लट किंवा जेन किंवा दोघी, एकात बेलिंडाबरोबर शार्लट, एक कॅथीचं. जीनाचं नाव एकाही गाण्यावर नाही. ज्या गाण्याची ओळखच ड्रम्स आहेत, जे लोक आजही ठेक्यावरून ओळखतात, ते रेडिओवर वाजलं की ड्रमरला काही नाही. एकाच व्हॅनमधून फिरलेल्या, एकाच खोलीत झोपलेल्या पाच जणींपैकी दोघींकडे घर घेण्याएवढे चेक येतात आणि बाकीच्या विचारात पडतात की आपण काय वाजवत होतो. कुणी चोरी केली नव्हती, कायद्याने सगळं बरोबर होतं. म्हणूनच ते जास्त कुरतडतं, कारण भांडायला समोर चोर नसतो.

मी ज्यांची गाणी बसवत होते अशा एका बँडमधे हे डोळ्यासमोर पाहिलंय. चौघी मैत्रिणी, एक गाणं जरा चाललं, एका जाहिरातीला गेलं, नोंदणीत फक्त गायिकेचं नाव होतं कारण शब्द आणि चाल तिची, आणि गिटारचा जो रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, जाहिरातवाल्यांना आवडला होता तो दुसरीचा. दोन महिन्यांत दोघी बोलायच्या बंद झाल्या. मी तेव्हा काहीच बोलले नाही, आपण बाहेरचे म्हणून, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते, पहिल्याच दिवशी कागदावर टक्के लिहून घ्या एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आता कुठलंही काम घेताना मी गाणी बसवायच्या आधी तो कागद मागते.

गो-गोजमधे ही फट १९८४ पर्यंत रुंद झाली होती. 'टॉक शो'साठी जेनने 'फर्गेट दॅट डे' लिहिलं, फार खाजगी गाणं आहे, आणि तिला ते स्वतः गायचं होतं. बाकीच्या नाही म्हणाल्या, बँडची गायिका एकच. बेलिंडाच्या बाजूनेही विचार करायला हवा, गायिका म्हणून तिचं तेवढंच तर होतं, लिहिण्याचे पैसे तिच्याकडे जवळजवळ येतच नव्हते. पण ज्या बारीक आवाजाने 'अवर लिप्स'चा ब्रिज उभा केला त्याला एक गाणं देता आलं नाही, आणि ऑक्टोबर १९८४ मधे जेन गेली. कॅथी गिटारवर सरकली, पॉला जीन ब्राउन बेसवर आली, जानेवारी १९८५ मधे ब्राझीलमधल्या रॉक इन रिओ या महोत्सवात अवाढव्य गर्दीपुढे वाजवलं, आणि मे मधे बेलिंडा आणि शार्लटने बँड थांबवत असल्याचं सांगितलं.

त्यानंतर बेलिंडाची एकटीची गाणी गाजली, जेनचं 'रश अवर' १९८८ मधे पहिल्या दहात गेलं. नव्वदपासून त्या पुन्हा पुन्हा एकत्र आल्या, २००१ मधे एक पूर्ण अल्बमही केला, आणि हिशोबाचं भांडण पुन्हा पुन्हा वर आलं, आधी जीना कोर्टात गेली, बऱ्याच वर्षांनी कॅथी, दोन्ही वेळा शेवटी तडजोड झाली. २०२० मधे 'क्लब झीरो' हे नवीन गाणं काढलं आणि २०२१ मधे पाचही जणी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधे गेल्या. त्या रात्री त्यांनी क्लीव्हलंडला वाजवलं तेव्हा ड्रम्सवर जीनाच होती, हृदयाच्या ऑपरेशननंतर सदतीस वर्षांनी.

ऐकायला सुरुवात कुठून करायची तर हिट गाण्यांचं कलेक्शन नको, पहिला अल्बम पूर्ण ऐका, 'धिस टाउन' आणि 'लस्ट टू लव्ह' सकट, कारण यांच्या आनंदी चालींखाली केवढा अंधार आहे ते त्या दोन गाण्यांत कळतं. 'धिस टाउन' लॉस एंजेलिसबद्दल आहे आणि त्या शहराची खोटी चमक त्या आतून ओळखतात. मग स्टिफचं 'वी गॉट द बीट', मग 'व्हेकेशन'चं फक्त टायटल गाणं, मग सरळ 'टॉक शो'. आणि 'फर्गेट दॅट डे' आलं की ते बेलिंडाच्या आवाजात ऐका, छान गायलंय तिने, आणि मग डोळे मिटून एकदा तेच जेनच्या आवाजात ऐकू येतं का बघा.